मंगलासोबत पांदणीने बोरी अरबला

डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "सायकल चालवायला हरकत नाही. फक्त बेतानं." माझ्या बायकोनं, मंगलानं, त्यातलं 'बेतानं' ऐकलंच नाही. मी तेवढंच ऐकलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच तिनं विचारलं, "मंग बोरीले कधी जाऊन राह्यलो आपण?"

नव्या वाचकांसाठी सांगतो. माझं यवतमाळला चष्म्याचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद आणि सायकल सुरू, असा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. शहराच्या आसपासचे सागवानाचे रस्ते, टेकड्या, तलाव यांच्याबद्दल इथं लिहीत आलो. मध्ये वर्षभर काहीच लिहिलं नाही, कारण मंगलाला हार्ट अटॅक आला होता. दोन स्टेंट टाकले. ती घरी आली, हळूहळू बरी झाली, पण मी काही बरा झालो नाही. तिनं बादली उचलली की मी धावायचो. दुकानातून फोन करून "काय करतेस?" विचारायचो. ती जिना चढत असली तर फोनवरच श्वास मोजायचो. मंगला दारव्ह्याजवळच्या शेतकऱ्याच्या घरची. बैलगाडी हाकलेली, विहिरीत पोहलेली बाई. तिला हे किती जाचत असेल याचा मी विचार केला नव्हता.

बोरी अरबला तिची मामेबहीण शोभा राहते. बेत असा ठरला: शनिवारी सायकलनं बोरी, तिथं मुक्काम, रविवारी सकाळी नदीकाठानं आणि जुन्या छोट्या रेल्वेच्या लाईननं पायी फिरायचं, मग घरी. मंगलानं भाचीची गिअरची सायकल मागून आणली आणि आठवडाभर कॉलनीत चकरा मारून सराव केला. मी औषधांची पिशवी भरली.

तुम्ही जाणार असाल तर आधी रस्त्याबद्दल. यवतमाळ उंचावर असल्यामुळे दारव्ह्याच्या दिशेनं जाताना बहुतेक उतार लागतो, थोडे चढ सोडले तर. म्हणून जाताना सायकल आणि येताना गाडी, हे शहाणपणाचं. मुख्य रस्ता चांगला आहे, पण हिवाळ्यात त्यावर कापसाच्या गाड्या इतक्या असतात की कडेच्या मातीतून चालवावं लागतं. आम्ही भल्या पहाटे न निघता उजाडल्यावर निघालो, थंडी फार होती. मंगलानं स्वेटरवर ओढणी घट्ट बांधली. शहराबाहेर पडल्यावर आधी सागवानाचं रान, मग दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. तूर शेंगांवर आली होती, कापसाची दुसरी वेचणी चालू होती.

एका फाट्यावर टपरीत चहा आणि गरम आलूबोंडा घेतला. चहा दहा रुपये. आलूबोंड्यावर रस्सा ओतून देतात. मंगलाला मी रस्सा घेऊ दिला नाही.

टपरीवाल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. "काहून जी, बाईच्या प्लेटवर तुमचा काय पहारा हाये?"

मंगला हसली, पण तिच्या हसण्यात मजा नव्हती. "वरीस झालं, बाई. यांचा पहारा काही उठत नाई."

फाट्यावरून आम्ही पांदणीला लागलो. शेताशेतांमधून जाणारा बैलगाडीचा रस्ता, त्याला आमच्याकडे पांदण म्हणतात. दोन चाकोऱ्या, मधे गवत, दोन्हीकडे बाभळी. सायकलवाल्यांसाठी यापेक्षा सुंदर वाट यवतमाळजवळ मला माहीत नाही. मात्र दिवाळी झाल्यावरच या. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि जास्तीची ट्यूब सोबत ठेवाच. बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही.

मला तर सोडलं नाहीच. मंगला पुढे होती. माझं मागचं चाक फसकन बसलं. मी हाक मारली. तिनं मागं न पाहता हात हलवला. मी फोटो काढायला थांबलो असेन असं तिला वाटलं असावं. नाहीतर तिला मला मागंच सोडायचं होतं. वळणावर तिची लाल ओढणी तुरीआड गेली.

नेहमी मी ट्यूब पटकन बदलतो. त्या दिवशी जमेना. नवी ट्यूब घातली तर टायरमध्ये राहिलेल्या दुसऱ्या काट्यानं तीही फुटली. पॅच लावला, तो सुटला. पुन्हा घासून पुन्हा लावला. मध्येच फोन केला, मंगलाचा फोन लागेना. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पिशवीत आहे. तिच्याजवळ पाण्याची बाटली सोडून काही नव्हतं.

कशीबशी हवा भरून मी निघालो. पुढं एका शेतात बायका कापूस वेचत होत्या.

"इकडून सायकलवर बाई गेली काय? लाल ओढणी?"

"गेली ना," एक जण कंबर सरळ करत म्हणाली. "सुसाट गेली. तांड्याकडं."

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. पूर्वी बैलांवर माल लादून देशभर फिरणारी ही माणसं आता इथं शेती करतात. मी त्या दिशेनं पायडल मारत राहिलो. थोडं पुढं गेलो आणि रस्त्यात मंगलाची सायकल दिसली. आडवी पडलेली. मागचं चाक वर. ओढणी हँडलला अडकलेली. मंगला नव्हती.

मी तिला हाका मारल्या. तुरीत शिरून पाहिलं. बांधापलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता, तिकडं पळालो. बाजूच्या शेतातून एक माणूस दोर घेऊन तिकडंच धावत होता. तो मागं वळून कुणाला तरी ओरडून सांगत होता, "लवकर या रे! पडली, इहिरीत पडली!"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी बांध ओलांडला तेव्हा पायातला एक बूट मागं राहिला होता, हे नंतर कळलं. मला फक्त एवढं आठवतं की कुणाला काय सांगायचं याची वाक्यं माझ्या डोक्यात तयार होऊ लागली होती. मुलाला पुण्याला फोन करून काय म्हणायचं, तेसुद्धा.

विहीर जुनी होती, बांधकाम नसलेली. काठावर दहा-बारा माणसं दोर धरून उभी होती. त्यांच्यात सगळ्यात पुढं, टाचा मातीत रोवून, दात आवळून, मंगला होती.

मी तिथंच खाली बसलो.

विहिरीत पडली होती ती वगार, म्हशीचं पारडू. ती चरत असताना काठ खचला होता. पाणी फार नव्हतं, पण चिखल होता. दोघं खाली उतरून तिच्या पोटाखालून पोतं आणि दोर घालत होते. वगार अशी ओरडत होती की काळजात कालवावं. ज्यांची ती होती त्या सोनाबाई, तांड्यातल्या एक म्हाताऱ्या, काठावर वाकून तिच्याशी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत होत्या, लेकराशी बोलावं तसं.

मग मला भान आलं आणि मी ओरडलो, "मंगला! सोड तो दोर! तुला जड ओढायचं नाही!"

तिनं मान वळवली नाही. "ओढायले या, नाईतर बाजूले व्हा!"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवतारात तिच्या मागं गेलो आणि दोर धरला. दुसरं काय करणार? तिला ओढून बाजूला करणं हेही जड ओढणंच झालं असतं. मनाशी ठरवलं, तिच्या वाटचा भार जेवढा घेता येईल तेवढा आपण घ्यायचा. पण दोर धरल्यावर कळतं की कोणाचा भार कोणता हे काही सांगता येत नाही. एक जण "हां, ओढा!" म्हणायचा आणि सगळे मागं रेलायचे. दोर हातातून सरकायचा, पुन्हा पकडायचा. तीनदा वगार अर्ध्यावर येऊन परत गेली. चौथ्यांदा तिचे पुढचे पाय काठाला लागले, कुणीतरी तिचे कान धरले, कुणी शेपूट, आणि ती चिखलासकट आमच्या अंगावर आली. आम्ही सगळे मागं कोसळलो.

सोनाबाईंनी वगारीच्या गळ्याला मिठी मारली. मी मंगलाचं मनगट धरलं.

नाडी जोरात होती, पण एकसारखी. कपाळ घामानं भिजलेलं, तळवे सोललेले, गालाला शेण. "छातीत दुखतंय? डाव्या हाताला मुंग्या? चक्कर?" मी गोळी काढली.

"ठेवा ते. काई नाई होऊन राह्यलं." ती आडवी पडून आभाळाकडं पाहत हसत होती. "अहो, काई नाई झालं मले! पाह्यलं ना? ओढलं, अन काई नाई झालं!"

मग तिचं हसणं थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि उठून बसली. "रडता कायले?"

त्या माणसाचं "पडली" ऐकलं तेव्हा मला तूच पडली वाटलं, एवढं कसंबसं बोललो. तिनं माझा चिखलाचा मोजा काढला आणि झटकत म्हणाली, "वरीसभर तुमी मले भेदरल्यासारखं पाहून राह्यले. मी कधी पडतो याची वाट पाहाव तसं. मले दुखण्याचं भेव गेलं जी, पण तुमचं तोंड पाह्यलं का पुन्हा येते."

सोनाबाई आल्या. "आव, बेस," म्हणून त्यांनी आम्हाला घरापुढं खाटेवर बसवलं. मंगलाला त्या बेटी म्हणत होत्या. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि काळा चहा दिला. वगार समोरच बांधली होती, अंगावर पोतं घालून. तिला थंडी वाजत होती, पण ती चारा खात होती. शेंगा सोलता सोलता सोनाबाईंना मंगलाच्या आजारपणाचं कळलं, तेव्हा त्यांनी आधी तोंडावर हात ठेवला आणि मग मला चांगलंच झापलं. "मंग पह्यले काहून नाई सांगितलं? मी तिले दोर धरू देला नसता!"

"म्हणूनच नाई सांगितलं," मंगला म्हणाली.

आम्ही तिथं दुपार कलेपर्यंत बसलो. मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो, हे कबूल. पण तिचा श्वास शांत झाला, चेहरा तजेलदार दिसू लागला, ती सोनाबाईंशी वगारीच्या आईच्या दुधाबद्दल बोलत राहिली आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत गेलं. बूटही सापडला. उरलेली वाट आम्ही सायकली हातात धरून चालत काढली. पांदण चालण्यासाठीही तितकीच चांगली आहे. चालताना तितर दिसतात, हरभऱ्याचा आंबूस वास येतो. शोभाच्या घरी पोचलो तेव्हा तिनं आमचे कपडे पाहून दारातच विचारलं, "कोणाशी भांडून आले?" रात्री वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. मंगलानं ठेचा घेतला. मी काही म्हणालो नाही.

रविवारी अंग असं दुखत होतं की आम्ही दोघं म्हातारा-म्हातारीसारखे उठलो. तरी फिरलो. आधी अडाण नदीचा काठ, मग जुन्या छोट्या रेल्वेची लाईन. आता तिच्यावरून गाडी जात नाही. काही ठिकाणी रूळ गवतात दिसतात, काही ठिकाणी नुसता भराव. वाट सपाट आहे, लहानमोठ्या कुणालाही जमेल. सकाळीच जा, सावली कमी आहे, आणि मोऱ्यांवरून जपून. मंगला लहानपणी आईसोबत याच गाडीनं मामाकडं यायची. गाडी इतकी हळू चालायची, की कुणीकुणी उतरून बोरं वेचून पुन्हा चढायचे, असं ती सांगत होती. खरं-खोटं तिलाच माहीत.

परतीला शोभाच्या नवऱ्यानं ओळखीच्या पिकअपमध्ये सायकली टाकून दिल्या आणि आम्ही एसटीनं आलो. मंगलाला अर्धं तिकीट, मला पूर्ण. घाट चढताना ती माझ्या खांद्यावर झोपली.

सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. सगळं सांगितलं. आधी त्यांनी आम्हाला मनसोक्त बोलून घेतलं, आणि ते बरोबरच होतं. ज्यांच्या हृदयाचा इलाज झाला आहे त्यांनी विहिरीतून वगार ओढावी असं मी मुळीच सुचवत नाही. गोळी ज्याची त्याच्याजवळ असावी, हेही लिहून ठेवतो. मग त्यांनी ईसीजी काढला, कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, "उत्तम आहे. पुन्हा असलं काही करू नका. पण चालवा सायकल."

त्या प्रवासातून काय उरलं? हाताचे फोड बरे झाले, त्या रस्त्यानं मी आणखी एकदा जाईनच. पण खरं उरलं ते मला मागच्या रविवारी कळलं. मंगला शेजारच्या दोघींना घेऊन तलावाकडं सायकलनं गेली. मी गेलो नाही. ती फाटकाबाहेर पडली, मी दार लावलं आणि थोडं पडावं म्हणून आडवा झालो. वर्षभरात मी दिवसा कधी झोपलो नव्हतो.

जाग आली ती दारावरच्या धडका ऐकून. उघडलं तर मंगला घामाघूम, चेहरा पांढरा, शेजारच्या दोघी मागं.

"किती वेळची बेल वाजवून राह्यलो मी! फोन उचलत नाई, काई नाई. मले वाटलं तुमाले काई झालं!"

"झोप लागली होती," मी म्हणालो.

ती दारातच खाली बसली आणि हसायला लागली.