आलं का?

स्वतः टीव्ही विकत घेऊन त्यावरचा एकही कार्यक्रम धड न पाहिलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि ते माझे थोरले मामा आहेत. जवळा बाजार नावाच्या गावापासून थोड्या अंतरावर त्यांचे गाव. संध्याकाळी कार्यक्रमांची वेळ झाली की घरातले सगळे टीव्हीसमोर बसत आणि मामा शिडी लावून माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढत. तिथे एका वाशाला अँटेना बांधलेला होता आणि तो फिरवणे हे मामांचे जीवितकार्य होते. त्याच्या काड्यांवर चिमण्या बसू नयेत म्हणून त्यांनी जुन्या धोतराच्या चिंध्या बांधल्या होत्या. चित्र फारच बिघडले तर ते आपले जेवणाचे स्टीलचे ताट मागवून वाशाला लटकवत आणि त्या रात्री स्वतः पत्रावळीवर जेवत. पडद्यावरच्या ठिपक्यांना सगळा महाराष्ट्र मुंग्या म्हणतो. मामा त्यांना कापसावरच्या मावा किडीची उपमा देत आणि "वारं पडलं की कमी होतेत" असे शेतकी निदान करत. मी पदार्थविज्ञान शिकत होते, तेव्हा लहरी, दिशा आणि प्रक्षेपणाचा मनोरा यांचा संबंध त्यांना आकृती काढून समजावला. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बराबर हाय, माय. पण तुझं शास्त्र खाली बसून हाय, अन् अँटेना वर हाय."

याहून अचंब्याची गोष्ट अशी, की मामा मामींशी बोलत नसत. माझ्या आईच्या लग्नात मामींनी चारचौघांत त्यांना "फेटा वाकडा झालाय" असे सांगितले होते. त्या दिवशी धरलेला अबोला मी पदवीधर झाले तरी सुटला नव्हता. चहा हवा असला की मामा भिंतीकडे पाहून "या घरात चहा होऊन राहिला का?" असे विचारत, आणि मामी दारातल्या म्हशीला "होईल की, काहून घाई करून राहिली?" असे उत्तर देत. अपवाद फक्त अँटेनाचा. "ते बोलणं न्हाई, ते काम हाय," असा मामांचा निवाडा होता. त्यामुळे संध्याकाळ झाली की त्या घराला कंठ फुटत असे.

"आलं का?" वरून मामा.

"न्हाई."

"आता?"

"आलं. गेलं."

"माणूस दिसून राहिला का?"

"एकाचे दोन दिसून राहिले. इथं एक सांभाळता जीव गेला, अन् तुमी दोन दोन पाठवून राहिले."

"मंग कोणता ठेवू?"

"त्यातला बोलणारा ठेवा."

मंत्रिमंडळात काय झाले, पाऊस कुठे पडला, मालिकेतल्या सुनेने काय सोसले, हे सारे मामांना छतावर उभ्या उभ्या मामींच्या तोंडूनच कळे.

मला मात्र एक शंका छळत होती. मनोरा जागचा हलत नाही, वासा पक्का रोवलेला. मग चित्र रोज ठरल्या वेळी बिघडते कसे? एका सुटीत मी निरीक्षणासाठी म्हणून मामींशेजारी जाऊन बसले. बातम्या देणाऱ्या बाईच्या गळ्यातले मोती वेगवेगळे दिसावेत इतके चित्र स्वच्छ होते. वरून आवाज आला, "आलं का?" मामी पडद्याकडे पाहत, शेंगा सोलत, शांतपणे म्हणाल्या, "न्हाई. मुंग्याच हायत."

मी थक्क झाले. "मामी, चित्र तर आलंय."

"गप बस, लेकरा," त्या हळूच म्हणाल्या. "आलं म्हणलं की ते खाली येतेत. अन् खाली आले की मुके होतेत."

पुढे सरकारने जुनी अॅनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि आमच्या बाजूचा मनोराही थांबला. बातम्यांत आधी सांगितले गेले होते. परंतु बातम्या मामींमार्फत वर जात, आणि ही एक त्यांनी वर पाठवलीच नव्हती. मामांनी अँटेना कळमनुरीकडे वळवला, वसमतकडे वळवला, शेवटी सरळ आभाळाकडे केला. खालून मामी "न्हाई" म्हणत राहिल्या. या वेळी ते खरे होते, आणि त्यांच्या आवाजात भीती होती.

वसमतला असणाऱ्या मामेभावाने डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा डबा पाठवला. मेकॅनिकने डिश नटबोल्टांनी आवळली आणि बजावले, "काका, आता हिला हात लावायचा न्हाई."

"मंग मी काय करू?" मामांनी विचारले.

"खाली बसून पाहा की."

अॅनालॉग चित्र हळूहळू बिघडते, मुंग्यांतूनही माणूस ओळखू येतो. डिजिटल चित्र एक तर पूर्ण येते, नाही तर येतच नाही. हे मी परीक्षेत लिहून आले होते, पण त्या घरात ते प्रत्यक्ष पाहताना हादरून गेले. पडद्यावर एकही ठिपका नव्हता. खोलीच्या एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मामी, आणि दोघांच्या मधे कुणी परकी माणसे अखंड बोलत होती. मामींचे ओठ एकदोनदा हलले. पण विचारणारे कुणी नसल्यामुळे उत्तर तोंडातच राहिले.

नंतर एकदा मी गेले होते, तेव्हा दुपारी वीज जाऊन परत आली. टीव्ही सुरू झाला. पण चित्राऐवजी निळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटली. मामांचा चष्मा सापडेना. त्यांनी डोळे बारीक केले, पडद्याजवळ जाऊन पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागले. भिंत समोरच होती; तिच्याकडेही त्यांनी क्षणभर पाहिले. मग ते वळले.

"काय लिहून आलंय गं?"

मामींच्या हातातले धान्य पाखडायचे सूप तसेच राहिले. त्यांनी एकेक अक्षर लावून हिंदी वाचले, "कृपया प्रतीक्षा करें." मग स्वतःच अर्थ सांगितला, "थांबा म्हणून राहिलंय."

"किती येळ?"

"ते लिहिलेलं न्हाई," मामी म्हणाल्या, आणि थोड्या सरकून त्यांनी सतरंजीवर जागा केली.