आमच्या वन्संची आजी

आमच्या वन्संना अभिनय येत नाही आणि तरीही अख्ख्या कोल्हापुरात त्यांच्या तोडीची नटी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. जयसिंगपूरच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी उभी हयात गाड्या पुकारण्यात घालवली. त्यामुळे घरातही त्या बोलत नसत, पुकारत असत. चहा झाल्याचं स्वयंपाकघरातून अशा सुरात कळवत की शेजारचेसुद्धा कप शोधायला लागत. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात घरातली आंघोळ, जेवण, झोप, सगळं वेळापत्रकावर आलं. शाळेत मास्तरीण मी, पण घरात घंटा त्यांची.

टीव्हीत त्या शिरल्या त्या शेंगा खात खात. पाहुण्यांना पन्हाळा दाखवायला आम्ही गेलो होतो आणि तिथे एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गर्दीतल्या म्हातारीचं काम करणारी बाई उन्हानं चक्कर येऊन बसली होती, आणि ‘ही तर पाटलांची सून’ एवढं एक वाक्य म्हणायला कुणीतरी हवं होतं. वन्सं पदरात शेंगा तशाच धरून पुढे झाल्या. वाक्य त्यांनी असं काही म्हटलं की आवाज टिपणाऱ्या माणसानं कानावरचे हेडफोन उपटून काढले. दिग्दर्शकानं नम्रपणे, आजी जरा हळू, असं सुचवलं. त्यावर, "हळू बोलल्यावर मागच्या पाशिंजराला कसं ऐकू जायचं?" असं त्यांनी त्यालाच विचारलं. तो हसला, पण जाताना फोन नंबर घेऊन गेला.

मग कामं येत गेली. शेजारीण, सुईण, लग्नातली रुसलेली आत्या, आणि शेवटी एक कजाग चुलतसासू. त्या चुलतसासूनं वन्संना नाव मिळवून दिलं. मंडईत बायका त्यांना भाजी घेता घेता शिव्या द्यायच्या आणि त्या मोजून घरी येऊन सांगायच्या, आज पाच जणींनी, काल दोघीच होत्या. सेटवर स्वयंपाकाचं दृश्य असलं की खोटंखोटं पीठ मळणं त्यांना जमत नसे. असली बोटं फिरवलेली बघून गावाकडच्या बायका हसतील म्हणत त्या खऱ्याच भाकरी थापायच्या आणि दृश्य संपेपर्यंत लाईटवाल्यांपासून नायिकेपर्यंत सगळी मंडळी जेवून व्हायची.

हे सगळं एकाच माणसाला पसंत नव्हतं, तो म्हणजे त्यांचा भाऊ. साठीला आलेल्या बाईनं तोंडाला रंग फासून फिरावं, हे आमच्या ह्यांना पटत नव्हतं. मालिका लागायची वेळ झाली की हे चपला घालून रंकाळ्याला चक्कर मारायला निघून जात. हे बाहेर पडेपर्यंत वन्सं टीव्हीचा आवाज बंद ठेवत.

अशात त्यांना मोठं काम मिळालं, पुण्यातल्या एका शिकल्यासवरल्या घरातली आजी. अट एवढीच की भाषा शुद्ध पाहिजे. आता आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’च म्हणतात. मी आठ दिवस त्यांच्याकडून ‘येते’, ‘जाते’ घोटून घेतलं. त्या दूधवाल्याशीही तसंच बोलायला लागल्या, तेव्हा तो बिचारा हळूच मला विचारून गेला, "वैनी, आक्का माझ्यावर रागावल्यात का?"

शूटिंगला मी सोबत गेले. दृश्य असं होतं की सासरचा मार खाऊन नात बॅग घेऊन दारात उभी आहे आणि आजी तिला आत घेते. वन्संनी एकही शब्द चुकवला नाही, पण वाक्य लाकडासारखं यायचं. सात वेळा घेतलं, सातही वेळा तसंच. मग मदतनीस दिग्दर्शकाच्या कानाशी लागला आणि दुसऱ्या बाईला फोन लावू का, असं विचारताना त्याला आम्ही दोघींनी ऐकलं. वन्संनी मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मीच शिकवलेलं ते शुद्ध मराठी मला नकोसं झालं. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि दिग्दर्शकापुढे उभ्या राहिल्या.

"सायेब, एक डाव माझ्या भाषेत बोलतो. न्हाय आवडलं तर पिशवी घेऊन जातो."

त्यानं मान डोलावली. कॅमेरा सुरू झाला. वन्संनी नातीच्या हातातली बॅग घेतली आणि आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या इतक्या हळू बोलल्या, "माघारी यायला लाजायचं न्हाय, बाळा. दार तुझंच हाय. भाकरी टाकायला मी हाय की अजून."

लिहिलेल्या वाक्यांतलं यात एकही नव्हतं. ती पोरगी खरोखर रडायला लागली आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला. नंतर त्यानं लेखकाला सांगून आजीचं माहेर कोल्हापूर करून टाकलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी हे नेहमीसारखे निघाले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय उंबऱ्याच्या आत, असे ते शेवटपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आपल्या आक्काला शूटिंगला सोडायला ह्यांनी स्वतः स्कूटर काढली, आणि पुढे ते रोजचंच झालं.

आता वन्संनी सत्तरी ओलांडली. वाक्यं लक्षात राहत नाहीत. पूर्वी दुसऱ्यांचीही पाठ असायची, आता स्वतःची दोन टिकत नाहीत. दिग्दर्शक मंडळी चांगली आहेत, त्यांना कोपऱ्यात खुर्ची देतात आणि बोलायला काही देत नाहीत. मला वाईट वाटलं तर त्याच समजूत घालतात, "वैनी, न बोलता काम करणं लई अवघड असतंय. ते आत्ता कुठं शिकालोय."

परवा त्यांची मालिका लागली होती. पडद्यावर घरातली माणसं जोरजोरात भांडत होती आणि मागे, जरा धूसर, वन्सं बसल्या होत्या. खऱ्या वन्सं आत खोलीत लवकर झोपल्या होत्या. हे टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. भांडणाऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"बघ," ते मला म्हणाले, "आक्का कशा ऐकाल्यात."