मुदत वाढवलेला सेल

माझा धाकटा भाऊ सोलापूरजवळच्या मंद्रूप गावात असतो. थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या, यावर त्याचं घर चालतं. आमचं सोलापुरात नवी पेठेत साड्यांचं दुकान आहे. लग्नसराई ओसरल्यावर एका दुपारी तो दुकानात आला आणि पाणीही न पिता म्हणाला, "आक्का, सगळ्या शेळ्या विकतोय. व्यापारी उद्या सकाळी येनार हाय."

मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. तसं नव्हतं. फोनवरच्या एका ग्रुपात नव्या क्रिप्टो नाण्याची माहिती आली होती. नाणं बाजारात येण्याआधी त्याचे टोकन, म्हणजे तीच नाणी, स्वस्तात विकत होते आणि ती विक्री दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होती. त्यानं मला ते पान दाखवलं. वरच्या बाजूला उरलेल्या वेळेचे तांबडे आकडे उलटे पळत होते.

"पुन्ना हा दर न्हाय मिळायचा," तो म्हणाला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे नको म्हणायला कारणही सापडेना. मी एवढंच म्हटलं, "व्यापाऱ्याला परवा ये म्हणून सांग. आज इथंच राहा."

"तवर सेल संपंल की."

"संपला तर जन्मभर मला बोल."

तो राहिला, पण घुश्शातच. रात्री जेवला नाही. मलाही धड झोप लागली नाही. खरंच त्याचं नशीब उघडणार असेल आणि मी आडवी आले असेन तर?

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो. आकडे शून्यावर आले. पान क्षणभर कोरं झालं, आणि मग नवे आकडे पळू लागले. खाली लिहिलं होतं, 'लोकाग्रहास्तव मुदत वाढवली आहे'.

"वाचलो," तो हसत म्हणाला.

मला मात्र ते शब्द ओळखीचे वाटले. दुकानात माल पडून राहिला की बाहेरच्या फलकावर मी हेच शब्द लिहिते. मी त्याला तसं सांगितलं. "लोकांनी आग्रह केला म्हणून नाही रे. कुणी घेत नाही म्हणून वाढवतो आम्ही."

तो ग्रुपातले जुने मेसेज वर सरकवत गेला. तो ग्रुपात येण्याच्या कितीतरी आधीपासून 'आज शेवटचा दिवस' चालूच होता.

"मग लवकर संपतो तो सेल चांगला म्हनायचा का?"

"तेही नाही सांगता येत. एखाद-दुसरा बडा व्यापारीच सगळा माल उचलून नेतो कधीकधी; त्यावरून पुष्कळ गिऱ्हाईक होतं असं ठरत नाही. पण दुकान कधी बंद करणार हेच जे खरं सांगत नाहीत, त्यांचं बाकीचं कसं खरं मानायचं?"

सकाळी त्यानं व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं आणि पहिल्या गाडीनं गावी गेला. नंतर काही आठवडे त्या विक्रीची मुदत वाढतच राहिली. एका दुपारी त्याचा फोन आला.

"आक्का, ते पान उघडत न्हाय. ग्रुपबी बंद केलाय त्यांनी."

"तू काही भरलं नव्हतंस ना रे, नंतर?"

"न्हाय की. एक रुपयाबी न्हाय."

मी गादीवर टेकले. मला हसू येत होतं. समोर एक बाई मघापासून एका साडीचा भाव पाडून मागत होती. तिनं म्हटलं त्या भावाला मी ती बांधून दिली. गल्ल्यावरून नवरा बघतच राहिला.