चाखलेलं पाणी

माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. रोज साडेतीनशे माणसांची भाजी, शिवाय पथ्याच्या तीन वेगळ्या कढया. पळी बुडवायची, तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचं, "अर्धी मूठ कमी आहे." ती अर्धी मूठ कधी चुकली नाही म्हणे. निवृत्तीच्या दिवशी मोठे डॉक्टर भाषणात म्हणाले, "बाईंची जीभ इस्पितळाच्या मालकीची आहे, ती इथेच ठेवून जावी." सासूबाई जागेवरूनच म्हणाल्या, "ठेवते की. पण मग रोज बोलणी खावी लागतील, साहेब!"

निवृत्तीनंतर त्यांच्या हाती उरली सासऱ्यांची दीड एकर जमीन. तिच्यात गवताची काडीसुद्धा धड उगवत नव्हती. बोअरचं पाणी खारं, मातीवर पांढरा थर. समुद्र आमच्यापासून बसने दीड दिवस लांब. तरी किनाऱ्यावरच्या एका शेती-प्रशिक्षणाहून परतताना त्यांनी बादलीभर समुद्री शेवाळ आणलं. लालसर, ओल्या केसांच्या गुंत्यासारखं. हे वाळवून कारखान्यात जातं आणि तिथे त्याची जेली घट्ट करणारी पावडर होते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोऱ्या ताणायच्या आणि त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे, एवढीच लावणी. बी पेरायचं नसतं. तुकड्यातूनच पुढचं पीक वाढतं.

पहिल्या उन्हाळ्यात बादलीतलं जवळपास सगळं मेलं. मूठभर वाचलं, ते त्यांनी वाढवलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यातलं निम्मं गेलं, उरलेलं पुन्हा वाढवलं. अशी सहा वर्षं गेली, तेव्हा कुठे आमच्या पाण्याला आणि आमच्या उन्हाला सरावलेलं शेवाळ तयार झालं. प्रशिक्षण केंद्राने समुद्राकडचं ताजं शेवाळ दोनदा पाठवून पाहिलं. एक आठ दिवस टिकलं, दुसरं पाच. आमच्या चार टाक्यांत आणि शेजारच्या टेलरबाईंच्या एका टाकीत जे होतं ते सगळं त्या पहिल्या मुठीचं. ते गेलं की गेलं.

मी या घरात आले ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन. सोबत एक नळीसारखं यंत्र होतं. त्याच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की लिटरभर पाण्यात किती ग्रॅम मीठ आहे ते दिसतं. सासूबाईंनी मला लगेच नाव ठेवलं, प्रयोगशाळा. "ए प्रयोगशाळा, चहा उकळला का तेही मोजून सांग." पण यंत्र त्यांनी कामाला घेतलं. नियम त्यांनीच घातला. नवं पाणी आलं की आधी मी मोजायचं, मग त्यांनी चाखायचं, दोघी हो म्हणाल्या तरच टाकीत सोडायचं. कारण मीठ म्हणजे काही एकच क्षार नव्हे. खारं पाणी कुठे नुसतं खारट असतं, कुठे कडवट, आणि कडवट पाणी शेवाळाला मारतं. हे माझ्या यंत्राला कळत नाही. शहरातल्या प्रयोगशाळेला कळतं, पण अहवाल यायला बारा दिवस लागतात.

यंदा ऐन उन्हाळ्यात जुनं बोअर खचलं. नवं घेतलं, ते जास्त खोल गेलं. तोवर टाक्यांतलं पाणी दोन आठवडे बदललं नव्हतं. त्यावर तवंग धरला होता. पंप सुरू झाला तेव्हा आम्ही दोघी पाइपाशी उभ्या होतो, आणि टेलरबाई स्वतःच्या पाइपाचं टोक हातात धरून तयार.

मी थेंब घेतला. "तीस. अगदी जुन्या पाण्याएवढं."

सासूबाईंनी तळहातावर पाणी घेतलं, जिभेला लावलं. मग माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

"ताईंनी चाखलं ना? मग माझ्याकडेही सोडा," टेलरबाई म्हणाल्या. "तुमच्या सुनेच्या नळीवर माझा भरवसा नाही, पण तुमच्या जिभेवर आहे."

नेहमीप्रमाणे बाटलीभर पाणी मी शहरातही पाठवून दिलं.

सहाव्या दिवशी शेवाळाची टोकं पांढरी पडली. मला वाटलं ऊन लागलं. आम्ही टाक्यांवर जाळी ताणली. नवव्या दिवशी पांढरेपणा दोरीपर्यंत आला. पाणी उपसून टाकायचं तर दुसरं आणायचं कुठून? गोडं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. बाराव्या दिवशी अहवाल आला. पोटॅश जवळजवळ नाही, आणि पाण्याला कडवट करणारं मॅग्नेशियम हवं त्याच्या दुपटीहून जास्त. पोटॅश वरून घालता येतं, ते मी घातलं. पण विरघळलेलं मॅग्नेशियम डाळीतल्या खड्यांसारखं वेचून काढता येत नाही.

मी अहवाल घेऊन सासूबाईंकडे गेले. "आई, हे पाणी कडवट लागायलाच हवं होतं."

त्या दोरी सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काहीच लागलं नाही."

"म्हणजे?"

"हिवाळ्यात तो ताप येऊन गेल्यापासून काहीच लागत नाही. मीठ नाही, साखर नाही. चार महिने झाले."

"मग चालेल का म्हणालात?"

"तू तीस म्हणालीस ना. म्हटलं, शिकलेली पोर आहे, यंत्र आहे, चुकणार नाही."

आणि मी तीस वाचून निर्धास्त झाले होते, कारण माझ्यामागे त्यांची जीभ होती.

चार महिने घरातली भाजी कधी अळणी, कधी तोंडात धरवणार नाही इतकी खारट होत होती. मी आणि नवरा मुकाट्याने खात होतो. बावीस वर्षं साडेतीनशे माणसांना जेवू घातलेल्या बाईला मीठ चुकलं म्हणून सांगणार कोण?

टेलरबाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांच्या टाकीतलं शेवाळ आमच्याआधीच जवळजवळ संपलं होतं. "ताई, नाही लागत एवढं म्हणायला काय झालं होतं?" ज्यांच्या बोलण्याला सगळी गल्ली टरकायची, त्या सासूबाई खाली मान घालून दोरी सोडवत राहिल्या. टेलरबाईच मग खाली बसल्या आणि आमच्या दोऱ्यांतले जिवंत तुकडे निवडू लागल्या.

पाच टाक्यांतून मिळून तीन मुठी निघाल्या. मी क्षार तोलून, गोड्या पाण्यात मिसळून ओसरीवरच्या टबात पाणी तयार केलं. घरातलं पिण्याचं पाणी त्यातच गेलं. आकड्यांत ते बरोबर होतं. मी तीनदा ताडून पाहिलं. पण शेवाळ आधीच आतून गेलं होतं. चार दिवसांत तीन मुठींची एक मूठ झाली. प्रशिक्षण केंद्रात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "पुन्हा पाठवतो हवं तर, पण तुमच्याकडे जगत नाही हे तुम्हालाच माहीत आहे."

काल दुपारी सासूबाई टबाजवळ बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात पाण्यात. मी गेले तशी म्हणाल्या, "बस. बोट बुडव आणि चाख."

मी चाखलं. "खारट आहे."

"ते तुझी नळीही सांगते. खारट झाल्यावर मागून काय येतं? जिभेच्या कडेला?"

मी पुन्हा चाखलं. डोळे मिटले. मागून काहीतरी येत होतं खरं, पण ते कडू, तुरट की नुसता माझा समज, मला सांगता येईना.

"कळत नाही, आई."

त्यांनी हात बाहेर काढला. बोटांना शेवाळाचा शेवटचा गुंता चिकटला होता. चिमटीत धरताच त्याचा लगदा झाला. तो त्यांनी साडीला पुसला नाही की टाकलाही नाही.

"पुन्हा घे," त्या म्हणाल्या. "दमाने घे. आता कसली घाई आहे?"