मुंढा लहान कापलायस

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'तवा' म्हणायची. कधीही बघा, तापलेलेच. ते आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच दुकानात शिंपीकाम करायचे. थोरले कापायचे, सासरे शिवायचे, आणि दिवसभर दोघांची जुंपलेली असायची.

"दादा, मुंढा लहान कापलायस, बाही बसायची नाही!"

"तुला शिवता येत नाही म्हण की!"

बाही शेवटी बसायचीच. गिऱ्हाइकं मुद्दाम लवकर येऊन बाकावर बसत, फुकटचा तमाशा बघायला.

सासऱ्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांना राग येईल असं काही करू नका." झालं. घरानं ते वाक्य अक्षरशः पाळलं. टीव्ही बंद, सासूबाईंची बडबड बंद, थोरल्यांना तर दारच बंद. सासरे "गोळी नको" म्हणाले की सासूबाई म्हणत, "बरं, नंतर घ्या." फिरायला जात नाही म्हणाले की, "नका जाऊ." ज्या बाईनं आयुष्यभर या माणसाला भांडून भांडून जेवायला लावलं, ती आता चोरपावलांनी वावरू लागली. मी पडलो जावई. माझं तोंड लग्नापासूनच बंद होतं.

तवा थंड पडत गेला. दाढी वाढली, बोलणं हं-हूंवर आलं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, गोळ्या चुकवून कसं चालेल? हे मनानं खचलेत. हृदयाला तेही रागाइतकंच वाईट. यांना माणसांत बसवा, बोलतं करा."

मग थोरल्यांना बोलावणं गेलं. ते कापलेला कोट घेऊनच आले. सासऱ्यांनी तो मांडीवर पसरला, कडेवरून बोटं फिरवली, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "दादा, मुंढा लहान कापलायस! बाही काय माझ्या डोक्यावर बसवू?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्ही सगळे थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते मात्र भावाची सुकलेली मान बघत होते. त्यांचा धीर सुटला.

"हो रे," ते हळूच म्हणाले. "चुकलंच माझं."

जन्मात पहिल्यांदा. सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कोटाची नीट घडी घातली. "दादा चूक कबूल करतोय," ते म्हणाले. "म्हणजे माझं आता काही खरं नाही."

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्याच आठवड्यात गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच फार दुबळं झालं होतं. असेलही. मला ते अजून पटत नाही.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी मी थोरल्यांसोबत होतो. सासऱ्यांच्या मशीनवर बसून त्यांनी तो कोट स्वतः शिवला. बाही मुंढ्यात चपखल बसली, एक चुणी पडली नाही. कोट उंच धरून ते रिकाम्या दुकानात ओरडले, "बघ! बरोबर होतं माझं कटिंग!"

आणि उलट उत्तर यायची वाट बघत उभे राहिले.