गाल भरून घेतले तो दिवस

पन्नाशी उलटल्यावर इंजेक्शनं घेऊन गाल भरून घ्यायची थेरं मी नटायला केली नाहीत, आईसाठी केली. गेल्या वर्षीच्या लांबलेल्या दुखण्यात माझे गाल पार बसले, आणि त्याच सुमारास आईला विसरण्याच्या आजारानं घेरलं. मी घास भरवायला बसले की ती म्हणायची, "तुमी कुणाच्या वो? माझी लेक चांगली गालानं भरल्याली हाय." भिंतीवरच्या जुन्या फोटोतली मी तिला बरोब्बर ओळखू यायची. स्वतःच्याच फोटोवर जळायची वेळ आली माझ्यावर.

शेवटी सात रस्त्याजवळचा एक दवाखाना गाठला, आईला घेऊनच, कारण घरी तिला कुणाजवळ ठेवणार? डॉक्टरीणबाईंनी गालांना बधिर करायचं मलम लावलं, वेळ जाऊ दिला, मग बर्फ फिरवला. म्हणाल्या, "काकू, गालात भरायच्या या औषधातही थोडं बधिर करायचं औषध असतं. मी सावकाश सोडते. मन दुसरीकडे न्या, कमी दुखेल." मन कुठं नेणार, कपाळ! पहिली सुई सोसली. दुसरी हाडाजवळ गेली आणि तोंडातून "आई गं" निघालं.

कोपऱ्यातली आई उठली. खुर्चीजवळ आली आणि माझ्या दंडाला तिनं असा करकचून चिमटा घेतला की मी गाल विसरले. "हितं बघ, हितं. तिकडं ध्यान देऊ नगं."

लहानपणी सोनार माझे कान टोचत होता तेव्हा तिनं हेच केलं होतं. शब्दही हेच. दुखणं तेव्हासारखंच दंडात उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, असंच धरून ठेवा." ओळखलं, आईनं मला ओळखलं! मग उरलेल्या सुया मी हूं की चूं न करता घेतल्या.

काम झाल्यावर लाल, सुजलेलं तोंड घेऊन मी तिच्याकडे वळले. "आई, बघ की गं. कोण मी?"

तिनं बराच वेळ बघितलं. मग चिमटा घेतला होता तिथं हळूहळू चोळायला लागली.

"लई लागलं का वो?" ती म्हणाली. "एकट्याच कशापायी आलाव? अशा येळंला आईला संगं आणावं, बाई."