डाव्या कोपऱ्याचं उट्टं

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. ठाण्याच्या आमच्या मंडळाकडून मी नऊ वर्षं कबड्डी खेळले, तीही डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यात खेळणाऱ्याला थांबता यावं लागतं. चढाई करणारा येतो, नाचतो, खिजवतो. आपण वाकून नुसतं त्याच्या पावलांकडे बघायचं. पाऊल वीतभर जास्त आत आलं की घोटा धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही.

पुढे लग्न, नोकरी, सिंगापूर. अलेक्झांड्रा रोडवरच्या आमच्या ऑफिसात मी टेस्टिंग टीम सांभाळते. आमच्या हाताखालून गेलेलं काम बिघडलं नाही तर आमची कोणाला आठवणही होत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या क्लायंटचं काम बाहेर पडायच्या आधी आम्ही सहा जणांनी तीन आठवडे डोळे फोडून एक चूक शोधून काढली. मीटिंगच्या दिवशी बघते तर डेव्हलपमेंटच्या पुणेकराने ती स्वतःच्या स्लाइडवर घातलेली. आयत्या बिळावर नागोबा. हा माणूस माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा, गणपतीत आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर येऊन माझ्या हातचे अकरा मोदक खाऊन गेलेला.

डायरेक्टर अमेरिकन, साठीचे, त्यांच्याकडच्या त्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलचे वेडे. त्यांनी विचारलं, यात टेस्टिंगचा वाटा किती? तर हा हसून म्हणाला, ‘सर, ते आपला डिफेन्स. दार राखतात बिचारे. पण मॅच गुण करणाराच जिंकतो.’ डायरेक्टर खूश. पंधरा दिवसांत दोन्ही टीम एक झाल्या आणि आमच्या डोक्यावर हेड म्हणून तो बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मी अभिनंदन म्हटलं.

त्या फुटबॉलची अमेरिकेतली फायनल इथे सोमवारी सकाळी लागते. त्या वर्षी डायरेक्टरनी ती मीटिंग रूममध्ये सगळ्यांना दाखवली. करी पफ खाता खाता वाद निघाला. डायरेक्टर म्हणाले, आमच्या गावाकडे सगळे शपथेवर सांगतात की ऑफेन्समुळे, म्हणजे चढाई करणाऱ्यांमुळे, लोक मॅच बघायला येतात, पण चॅम्पियनशिप डिफेन्स जिंकून देतो. पण मला स्वतःला ते पटत नाही, म्हणाले. शून्यावर कोण जिंकलंय? पुणेकराने मान डोलावली. तो डायरेक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. मी म्हटलं, ‘आमच्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो आणि पकड करणाऱ्याचा गुडघा फुटतो. पण शेवटच्या मिनिटाला सामना वाचवते ती पकडच.’ तर हा सगळ्यांसमोर मराठीत म्हणतो, ‘ताई, जुने दिवस आठवले वाटतं.’ आणि मग ते इंग्रजीत करून सांगितलं, म्हणजे बाकीच्यांनाही हसता यावं.

डायरेक्टरना मात्र कल्पना सुचली. ऑफिसच्या वार्षिक खेळांत या वर्षी फ्लॅग फुटबॉल ठेवू, डेव्हलपमेंट विरुद्ध टेस्टिंग, बघूच कोण खरं ते. हा खेळ फुटबॉलचाच, पण सोज्वळ. पाच-पाच जण, प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या. चेंडू घेऊन धावणाऱ्याची पट्टी ओढली की तो तिथेच थांबला. अंगाला हात लावायचा नाही. चेंडूसकट शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण, आणि वर एक मिळवायची संधी.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्याने सगळ्या ऑफिससमोर हरायचं, आणि तेही ज्यांना त्याने राखणदार म्हटलं त्यांच्या हातून. माझ्या टीमलाही ते तितकंच झोंबलं होतं. तीन महिने दर रविवारी सकाळी आम्ही क्वीन्सटाउनच्या मैदानावर जमलो. सगळं ऑफिस जिला आंटी म्हणतं ती आमची सत्तावन्न वर्षांची चिनी टेस्टरही मरीन परेडहून दोन बस बदलून यायची. ती राखीव खेळाडू, खेळायची वेळ येईल असं तिलाही वाटत नव्हतं. तरी घरी नवऱ्याच्या कमरेला रुमाल खोचून सराव करते म्हणाली. मी त्यांना जे शिकवलं ते सगळं कोपऱ्यातलं होतं: तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघू नका, पाय खोटं बोलत नाहीत.

माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘आई, चिल लाह. इट्स ओन्ली अ गेम.’ मी म्हटलं, नुसता खेळ असता तर मी रविवारी झोपले असते.

सामन्याच्या दिवशी आमचं आखलेलं साधं होतं. एकदा गुण करायचे आणि मग दार लावून घ्यायचं. पहिल्या दहा मिनिटांत आमचे सात झाले. त्यांनी सहा केले, वरचा एक मिळवायला आले तेव्हा आम्ही अडवलं. सात-सहा. त्यानंतर पाऊण तास त्यांनी डोकं आपटलं, पण काही चाललं नाही. पुणेकर आपल्याच माणसांवर खेकसायला लागला होता. मला काय गोड वाटत होतं, काय सांगू. डायरेक्टर बाजूला उभे राहून बघत होते.

शेवटचा डाव उरला. चेंडू त्याने स्वतःकडे घेतला, दुसऱ्या कोणाला नाव मिळायला नको. उजवीकडे झुकला, पण पाय सांगत होते की तो डावीकडे येणार, माझ्याकडे. आला. रेषा त्याच्यापासून दोन ढांगा. त्याची लाल पट्टी माझ्या हातापासून वीतभरही नव्हती.

मी खाली सूर मारला आणि त्याचा घोटा धरला.

तो तोंडावर आपटला. तोंडात गवत. मी सोडला नाही. शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, कोणीतरी माझे खांदे ओढले, तेव्हा सुटला. त्या दोन-तीन क्षणांत मला जे सुख झालं, ते नऊ वर्षांच्या कबड्डीत कधी झालं नव्हतं.

नियमाप्रमाणे मला बाहेर काढलं आणि वेळ संपलेली असूनही त्यांना रेषेजवळून एक जादा डाव दिला. माझ्या जागी आंटी गेली. मी बाहेरून ओरडून सांगत होते, पायांकडे बघ, पायांकडे. तिने बघितलंही. तो तिच्याच बाजूने आला, तिने हात टाकला आणि बोटभराने चुकली. बारा-सात. डायरेक्टरनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. तो गुडघ्याचं रक्त पुसत सगळ्यांना समजावत होता, ‘ताईंची काही चूक नाही, कबड्डीची सवय हो, हात आपोआप जातो.’ सगळ्यांना ते पटलं. मीही हो म्हटलं, सवय.

सवय कसली. सवय असती तर तीन महिन्यांच्या सरावात एकदा तरी हात पायाकडे गेला असता. कधीच गेला नव्हता. पट्टी मला स्वच्छ दिसली होती. ती ओढली की तो हरणार हेही कळलं होतं. पण हरून तो उभाच राहिला असता, हसला असता, वर ‘वा ताई’ म्हणाला असता. मला तो जमिनीवर हवा होता. आमच्या सहा जणांचा विजय मी माझ्या हाताने त्या घोट्यावर उधळला. आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पट्टीच ओढीन, अशी खात्री मला आजही देता येत नाही.

आमची माणसं पाण्याच्या बाटल्या गोळा करत होती. आंटी माझ्या शेजारी येऊन गवतावर बसली. ती बुटाची नाडी सोडायला लागली.

‘सॉरी,’ ती म्हणाली. ‘तू सगळं केलंस. तो माझ्या बाजूने गेला. माझ्यामुळे हरलो.’

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला माफ केलं.